आम्ही सासू-सुना गटात जात होतो

लग्नाला दीडेक वर्ष झालं असेल. नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमान सरकारी कचेरीत नोकरीला होते. सासरे मी त्या घरात येण्याआधीच गेले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली, म्हणून मी आणि सासूबाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिलो. गर्दी दरवर्षीसारखीच होती. मारबत समोरून गेली, मागून बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आले, पोरं नाचत होती, आणि एकाएकी माझी छाती अशी धडधडू लागली की मला वाटलं, संपलं सगळं. बोटं बधिर झाली, घसा कोरडा पडला, कानात शिट्टी वाजायला लागली. मी सासूबाईंचा दंड घट्ट धरला.

"काय झालं वं? पांढरीफटक काहून पडली?" त्या ओरडल्या आणि लोकांना ढकलत मला घरी घेऊन आल्या. पाणी प्यायले, जरा पडले, आणि थोड्या वेळात मी अगदी बरी झाले.

बरी झाले हे खरं, पण त्या दिवसापासून भीतीचीच भीती बसली. उद्या भाजी घेताना तसं झालं तर? देवळात झालं तर? आधी मी बाजार सोडला, मग देऊळ सोडलं, मग कोपऱ्यावरचा किराणाही सोडला. बी.ए. झालेली, अमरावतीला मैत्रिणींबरोबर सायकलवरून कॉलेजात जाणारी मी, सासूबाईंचा दंड धरल्याशिवाय उंबरठा ओलांडेनाशी झाले.

सासूबाईंनी आधी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मग एका बाबांचा अंगारा आणला. मग यजमान मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. छातीचा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शेवटी एक म्हातारे डॉक्टर भेटले. ते म्हणाले, "तुमचं हृदय धडधाकट आहे. भीती हाच तुमचा आजार आहे. आणि तो खोटा नाही, खरा आजार आहे." कुणीतरी त्याला खरा म्हटलं याचंच मला तिथं रडू आलं. त्यांनी धंतोलीतल्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, परदेशात शिकून आलेल्या होत्या आणि दर शनिवारी दुपारी घरीच एक गट चालवायच्या.

"गट म्हणजे?" यजमानांनी विचारलं.

"माणसं गोल करून बसतात आणि बोलतात."

"आणि औषध?"

"तेच औषध."

 घराशी आल्यावर यजमान हळूच म्हणाले, "शेजाऱ्यांना सांगू नकोस. पागलखान्यात नेलं म्हणतील." त्यांचा राग येण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा मन आजारी पडतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेवढं एकच ठिकाण यायचं.

एकटी जाणं मला शक्यच नव्हतं, म्हणून शनिवारी सासूबाई सोबत निघाल्या. सायकलरिक्षात मी डोळे मिटून त्यांचा हात धरून बसले होते. धंतोलीतला तो बंगला जुना आणि मोकळा होता. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर पाच-सहा माणसं बसली होती. बाई चाळिशीच्या होत्या, केस आखूड कापलेले, साडी साधी सुती. "मला मॅडम म्हणू नका," त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे.

सासूबाई दाराशीच थांबल्या. "मी अठी बाहेर बसतो."

"बाहेर कशाला? आत या ना, मावशी."

"ना बाप्पा! मले काय झालं? मी तं हिच्यासंगं आली."

ताई हसल्या. "मावशी, इथं एकच नियम आहे. बघायला कुणी बसत नाही. आत यायचं तर गोलात बसायचं. तुमचं काही दुखत असेल तर सांगायचं, नसेल तर तेही सांगायचं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा दंड सोडला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि सतरंजीवर माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या.

गोलात होते ते लोक हळूहळू ओळखीचे झाले. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब होते. बायको गेल्यापासून ते घरात कुणाशी बोलत नसत. मुलानंच त्यांना आणून सोडलं होतं. एक शिवणक्लास चालवणारी बाई होती, तिला रात्रंदिवस हात धुण्याची खोड लागली होती. आणि एक प्राध्यापक होते. ते आपल्याला कसलाच त्रास नाही म्हणायचे, फक्त 'स्वतःचा शोध' घ्यायला येतो म्हणायचे. बोलायला लागले की थांबत नसत.

पहिले काही शनिवार मी गप्पच होते. त्या गोलात कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, "असं करायला हवं होतं" म्हणायचं नाही, असं ठरलेलं होतं. घरोघरी उपदेशाशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे हे फार विचित्र वाटायचं. गार्डसाहेब एकदा फक्त एवढंच म्हणाले की, ड्यूटीवरून घरी आलो की ती कंदील हातातून घ्यायची. एवढं बोलून ते थांबले. कोणी "होईल सगळं ठीक" म्हटलं नाही. सगळे त्यांच्याबरोबर नुसते बसून राहिले. घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "बिचाऱ्याले कोणी बोलू तं दिलं." त्या दिवसानंतर शनिवार आला की त्याच आधी तयार व्हायला लागल्या.

एकदा ताईंनी आम्हाला जोड्या पाडायला सांगितल्या. एकानं डोळ्यांवर पट्टी बांधायची, दुसऱ्यानं त्याला न बोलता हात धरून बागेतून फिरवायचं. माझ्या वाट्याला सासूबाई आल्या, आणि पट्टी त्यांच्या डोळ्यांवर बांधली. इतके महिने त्यांनी मला धरून नेलं होतं. आता त्यांची खरखरीत बोटं माझ्या हातात होती आणि पाऊल टाकण्याआधी त्या थबकत होत्या. मी त्यांना पायऱ्यांवरून उतरवलं, झाडांच्या आळ्यांच्या कडेनं नेलं, तुळशीचं पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरलं. पट्टी सोडली तेव्हा त्या म्हणाल्या, "हिचा हात घट्ट आहे. मले मालूमच नव्हतं." माझा हात घट्ट आहे हे मलाही माहीत नव्हतं. संपूर्ण बाग फिरेपर्यंत मला छातीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

त्यानंतरच्या कधीतरी एका शनिवारी रिकाम्या खुर्चीचा प्रकार झाला. ताईंनी गोलाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं असेल तो माणूस तिच्यावर बसला आहे असं समजायचं आणि त्याच्याशी बोलायचं. प्राध्यापक लगेच सरसावले आणि आपल्या वडिलांशी अगदी शुद्ध भाषेत बोलले.  आणि माझ्या शेजारून आवाज आला, "मी बोलू काय?"

सासूबाई उठून खुर्चीसमोर जाऊन बसल्या. आधी पदर सारखा केला.  मग म्हणाल्या, "तुम्ही गिरणीत लागले, चांगलं झालं. मी नाही म्हटलं काय? उमरेड सोडून नागपूरले आली, तुमच्या मागं मागं आली. पन माह्या माग काहून इकला तुम्ही?"

माझे सासरे विणकर होते हे मला माहीत होतं. सासूबाई विणायच्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"करवतकाठी लुगडं उतरे माह्या मागावरून," त्या म्हणाल्या. आवाज चढत चालला होता. "बाजारात लोक काठ पाहून ओळखे का हे कोणाच्या हातचं आहे म्हणून. मी नदीवरून धुणं घेऊन आली, तं कोपरा रिकामा. शेजारीण म्हणे, गाडीत टाकून नेला. मले इचारलं काय? एक डाव तरी इचारलं काय? तुम्ही संध्याकाळी आले, पाटावर बसले, म्हणे वाढ. आन् मी वाढलं!"

शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की शिवणक्लासच्या बाईनं तोंडावर हात धरला. "मी वाढलं," त्या पुन्हा म्हणाल्या, "आन् कोपऱ्यात पाहून राहिली होती." मग त्या रडल्या. आमच्याकडे मयताला बायका रडतात तसं सुरात नव्हे. हुंदके आवरत नाहीत तसं, नाक ओढत, अगदी लहान पोरीसारखं.

पुष्कळ वेळानं ताईंनी विचारलं, "मावशी, आता तुम्ही त्या खुर्चीत बसाल? त्यांच्या जागी बसून ते काय म्हणतात ते सांगाल?"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "ना. त्यायच्या जागी मी नाही बसत. खूप वर्ष बसली, त्यायचंच बरोबर म्हणत."

 मग ताई हसल्या, गार्डसाहेब हसले, आणि सासूबाईसुद्धा ओल्या डोळ्यांनी हसायला लागल्या. गार्डसाहेबांना हसताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हे पुढं वाढवून सांगण्याचा मोह होतो, पण झालं ते असं: महिन्याभरात सासूबाईंनी विणकरांच्या वस्तीत राहणारी एक लांबची नणंद शोधून काढली. तिच्या घरचा एक माग बरेच दिवस बंद पडला होता. यजमान म्हणाले, "आई, आता या वयात कशाला?" त्या म्हणाल्या, "तुले काय करायचं आहे? मी तुले इचारून राहिली काय?" आणि दुपारी जेवणं झाली की त्या तिकडे जायला लागल्या. पहिलं लुगडं उतरलं ते त्यांनी ना विकलं, ना कोणाला दिलं. स्वतः नेसल्या आणि शनिवारी गटात आल्या. काठ दाखवण्यासाठी गोलात सगळ्यांसमोरून फिरल्या.

माझं मात्र अजून अडलेलंच होतं. मी गटात बोलायला लागले होते, हसायला लागले होते, पण रस्त्यावर एकटी जाणं काही जमत नव्हतं. आता तर सासूबाई दुपारी घरी नसायच्या. ताई म्हणाल्या, "भीती गेली की बाहेर पडेन, असं म्हणत बसलीस तर ती जाणार नाही. तिला बरोबर घेऊनच बाहेर पडायचं. ती वर चढते, टोकाला जाते आणि उतरते. उतरेपर्यंत तू तिथून पळायचं नाहीस, एवढंच."

मग सगळ्यांनी मिळून बेत केला. एका शनिवारी मी बर्डीच्या गजबजलेल्या बाजारातून मेन रोडनं व्हरायटी चौकापासून लोहापुलाकडे एकटी चालत जायचं. गटातली माणसं वाटेत अंतराअंतरानं उभी राहतील. त्यांनी माझा हात धरायचा नाही, माझ्याबरोबर यायचं नाही, फक्त दिसायचं. चौकात ताई, पुढं एका कापड दुकानाशी गार्डसाहेब, मग पुस्तकांच्या दुकानाशी प्राध्यापक, मग बांगड्यांच्या गाडीशी शिवणक्लासची बाई आणि शेवटी सासूबाई.

मी निघाले. वर्ष उलटून पुढची दिवाळी जवळ आली होती, रस्ता माणसांनी फुलून गेला होता. दहा पावलं टाकली नाहीत तोच छातीची धडधड सुरू झाली. कापड दुकानाशी गार्डसाहेब ताठ उभे होते. त्यांनी हात उंच करून गाडीला देतात तसा इशारा केला आणि मला त्याही अवस्थेत हसू आलं. पुढं निघाले. आता पुस्तकांचं दुकान. तिथं प्राध्यापक असणार. मी नजर टाकली, तर तिथं कोणी नव्हतं.

मी थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एक फेरीवाला माझ्या कानाशी ओरडत होता, मागून माणसं धक्के देत होती. बोटं बधिर व्हायला लागली. मागं वळून धावत ताईंकडे जावं असं वाटलं. पुढं बांगड्यांची गाडी अजून दिसत नव्हती. मी अगदी मधोमध होते आणि दोन्हीकडे माझं कोणी नव्हतं.

मी दुकानाच्या फळीला हात टेकला. पाय चपलेत नीट रोवले. आणि मनात म्हटलं, ये. किती यायचं ते ये. इथंच उभी आहे. ती आली. छाती फुटेल असं वाटेपर्यंत आली. घामानं पाठ भिजली. दुकानदारानं विचारलं, "क्या चाहिए, बहनजी?" मी मान हलवली. आणि मग, ताई म्हणाल्या होत्या तशी, ती उतरायला लागली. आधी कानातली शिट्टी गेली, मग बोटांत रक्त परत आलं. मी पडले नव्हते, मेले नव्हते. माझ्या आजूबाजूला दिवाळीचा बाजार चालला होता आणि कोणाचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं.

मी पुढं चालायला लागले. बांगड्यांच्या गाडीशी शिवणक्लासची बाई डोळ्यांत पाणी आणून उभी होती. तिच्या शेजारून गेले, थांबले नाही. शेवटाला सासूबाई दिसल्या. मला एकटीला येताना पाहून त्या ठरलेलं सगळं विसरल्या आणि गर्दीतून धावत आल्या. "आली वं माही पोट्टी! आली!" भर रस्त्यात त्यांनी माझे दोन्ही गाल धरले. लोक थांबून बघायला लागले. मला लाज वाटली नाही. मी मोठमोठ्यानं हसत होते.

पुढच्या शनिवारी प्राध्यापक आले आणि कोपऱ्यात बसले. मी घरून ठरवून आले होते की काही बोलायचं नाही. पण गोल बसला आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, तुम्ही कुठं होतात?"

त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, माणसाच्या स्वावलंबनाविषयी. मी मधेच म्हटलं, "नाही सर. मला व्याख्यान नको. तुम्ही येतो म्हणालात आणि आला नाहीत. मी तिथं एकटी उभी होते. मला तुमचा राग आलेला आहे." वयानं मोठ्या, शिकलेल्या पुरुषाला मी उभ्या जन्मात असं काही म्हटलं नव्हतं. 

प्राध्यापक गप्प झाले. आम्ही त्यांना गप्प झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मग खाली बघत म्हणाले, "मी आलो होतो. पलीकडच्या फुटपाथवर होतो. तुम्ही भोवळ येऊन पडलात तर मला तुम्हाला धरावं लागेल, लोक जमतील, काय करायचं ते मला सुचणार नाही, असं वाटलं. पाय उचललाच नाही." आणि पुढं म्हणाले, "माझ्याच घरात मुलगा तापानं फणफणला तरी मी पुस्तक घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो."

ते त्या गोलात बोललेलं त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं असं ताई नंतर म्हणाल्या. माझा राग कधी गेला ते कळलंच नाही. मी म्हटलं, "मग येत्या शनिवारी मी पुन्हा चालते. तुम्ही तिथं उभे राहा." ते उभे राहिले. त्या वेळी दोघांपैकी कोण जास्त घाबरलं होतं, सांगता येणार नाही. मी जवळून गेले तेव्हा त्यांनी हात जोडले.

नंतर मी एकटीच बर्डीला जायला लागले, मग एकटीच रिक्षा, मग शहरबस. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरबाहेर मौद्याच्या शाळेत मराठीची जागा निघाल्याचं कळलं. अर्ज केला, बोलावणं आलं, निवड झाली. यजमान म्हणाले, "रोज एसटीनं मौद्याला? एकटी? आणि रस्त्यात काही झालं तर?"

माझ्या आधी सासूबाई बोलल्या. त्या धागा गुंडाळत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "झालं तं झालं. होते आन् जाते. तुले मालूम नाही, तिले मालूम आहे."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी जाणार आहे." ते जरा वेळानं उठले आणि मौद्याकडे जाणाऱ्या भंडारा रोडच्या गाड्या किती वाजता सुटतात ते विचारायला स्टँडवर गेले. आयुष्यभर त्यांची माया अशीच दिसायची, वेळा विचारून येण्यातून.

शाळेचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. गाडी खच्चून भरलेली होती, मी उभी होते. कन्हानच्या पुलावर छाती जराशी धडधडली. मी भीतीला म्हटलं, ये, बस. आणि खिडकीतून नदी बघत राहिले. पूल संपायच्या आत ती गेली होती. वर्गात पोरींची कुजबुज चालली होती. मी फळ्यावर तारीख लिहिली, मागं वळले, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी कागदांसाठी थांबवून घेतलं. फाट्यावर पोचले तोवर नागपूरची गाडी धूळ उडवत निघून गेली होती. पुढची कधी येईल, कोणाला नक्की सांगता येईना. अनोळखी गाव, रिकामा फाटा, एक पानठेला आणि एक शेंगा भाजणारी बाई. मी आत चाहूल घेतली, भीती कुठं आहे का म्हणून. होती ती फक्त भूक. मी शेंगांचा पुडा घेतला, मैलाच्या दगडावर टेकले आणि गरम शेंगा फोडत, टरफलं वाऱ्यावर सोडत, अगदी आरामात गाडीची वाट बघत बसले.